बाबासाहेबांच्या बाल्याची स्थळे आणि आपले कर्तव्य



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. चैत्र आला की डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा भरते. डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांच्या पाड्यापाड्यांतून माणसे तिकडे लोटतात. कालपरवापर्यंत आपणही त्या गर्दीत होतो. आता बावीस प्रतिज्ञा घेतल्या. नवस गेले, कोंबडे-नारळ गेले, अंगारा गेला. परंतु सुटी लागलेली मुले विचारतातच की, यंदा आपण कोठे जायचे? या प्रश्नाला घरात उत्तर नसले तर माणसे हळूच जुन्या वाटेला लागतात. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक समजून चालणार नाही.

नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी आणि महाडचे चवदार तळे ही आपली ठरलेली स्थळे आहेत. त्यांत आता आणखी एका प्रवासाची भर पडू लागली आहे. परमपूज्य बाबासाहेबांचे बालपण व तरुणपण जेथे गेले ती सातारची शाळा, मुंबईतील परळच्या चाळी, बडोद्याची बाग, मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव, ही स्थळे पाहण्यास कुटुंबे निघू लागली आहेत. ही प्रथा स्तुत्य आहे व ती वाढली पाहिजे. मात्र जायचे कसे, आणि परत येताना बरोबर आणायचे काय, याविषयी दोन शब्द सांगणे मला आवश्यक वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. बाबासाहेबांच्या बाल्याची स्थळे पाहावयास जाताना त्यांनी स्वतः लिहिलेले पान आपल्या हातात असले पाहिजे, आणि परत आल्यावर आपल्या घराण्याचे एक पान आपण लिहिले पाहिजे. या दोन गोष्टी घडल्या नाहीत तर दीक्षा घेऊनही आपण केवळ देव बदलला असे होईल.

बाबासाहेब राज्यघटनेचे शिल्पकार होते, आपले मुक्तिदाते होते, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. परंतु ते या देशातील एक मोठे लेखक होते, याची आठवण आपणांस क्वचितच होते. १९२० साली त्यांनी ‘मूकनायक’ काढले, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली, जातिसंस्थेच्या उच्छेदावरील प्रबंध १९३६ साली, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. अशा लेखकाने आपल्या बाल्याविषयी स्वतः लिहून ठेवले असताना ते न वाचता त्याच्या बाल्याची स्थळे पाहणे, म्हणजे साक्षीदार हजर असताना त्याची जबानी न घेता नुसत्या पंचनाम्यावर खटला चालविण्यासारखे आहे.

ही जबानी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ओळखली जाते. १९३० ते १९४० या दशकात लिहिलेले हे छोटेसे लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने काढले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात १९९३ साली त्याचा समावेश झाला. अमेरिकेतील ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले तेथे हे पुस्तक आज विद्यार्थ्यांस शिकविले जाते. आपल्या किती घरांत ते आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. परदेशी माणसाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावे हा त्या लेखनाचा हेतू. ते कळविण्याचे दोन मार्ग होते: रूढीचे सर्वसाधारण वर्णन करावे, किंवा घडलेल्या घटना एकामागून एक मांडाव्यात. बाबासाहेबांनी दुसरा मार्ग पत्करला. वकील ज्या रीतीने न्यायाधीशापुढे पुरावा ठेवतो त्याच रीतीने स्थळ, काळ व माणसे सांगून त्यांनी प्रसंग मांडले. त्यांत आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. म्हणूनच तो पुरावा खोडून काढता येत नाही.

आता हे पान हातात घेऊन आपण त्या वाटेने जाऊ या.

पहिले स्थळ सातारा. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर आधी दापोलीस व पुढे सातारला राहिले. माता भीमाबाईंचा अंत सातारलाच झाला. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी तेथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. रजिस्टरातील अनुक्रमांक १९१४. हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ साली घेतला. मुलांना ही नोंद अवश्य दाखवा. पण त्याच जागी उभे राहून त्यांना ते पानही वाचून दाखवा. वर्गात या मुलाने कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही शाळा झाडणारा नोकर शिवत नसे म्हणून संध्याकाळी घरी न्यायचा व सकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. न्हावी केस कापीत नसे म्हणून घरी बहीणच भावंडांचे केस कापी.

तुमची मुले आज बाकावर बसतात, शाळेच्या नळावर ओंजळ धरतात. ती सातारच्या शाळेत गेल्यावर भव्य इमारत पाहतील आणि प्रसन्न होतील. त्यांना गोणपाट दिसणार नाही, कारण ते तेथे आता नाही. ते फक्त त्या पानावर आहे. पान वाचले नाही तर सातारची शाळा ही चार भिंतींची एक जुनी शाळा, एवढेच दिसेल.

दुसरे स्थळ मसूर. सातारा-मिरज लोहमार्गावरील या लहानशा स्टेशनावर सहसा कोणी उतरत नाही. तेथे पुतळा नाही, म्हणून सहलीच्या कार्यक्रमात त्याचे नाव नसते. माझ्या मते साऱ्या वाटेवर याहून महत्त्वाचे ठिकाण नाही. वर्ष १९०१. रामजीबाबा खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपालाच्या कामावर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी वडिलांकडे जायचे ठरले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा थाट करून नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि भाचे मसूरला उतरले. पत्र वडिलांच्या हाती पडले नव्हते, म्हणून न्यायला कोणीच आले नव्हते. पोशाखावरून स्टेशनमास्तराला ही मुले ब्राह्मणांची वाटली व त्याला त्यांची कणवही आली. मुलांनी सरळपणे जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान मिळेना. शेवटी तोड निघाली ती अशी की, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने विटाळ टाळण्यासाठी बाजूने पायी चालायचे. बरोबर शिदोरी होती, पण पाण्यावाचून ती खाता येईना. रात्री टोलनाक्यावर पाणी मागताना, गाडीवानाच्या सल्ल्यावरून, आपण मुसलमान आहोत असे सांगावे लागले. तरी पाणी मिळाले नाही. मुले उपाशीच गाडीत झोपली.

या प्रसंगात एक गोष्ट मुलांना विचारावी. कपडे उत्तम होते, बोलणे सभ्य होते, खिशात पैसे होते, दुप्पट भाडे देण्याची तयारी होती. मग कमी काय पडले? चांगले कपडे घातले, पैसा मिळविला, नीट वागले म्हणजे लोक आपोआप माणुसकीने वागवतील, असे आपल्यातील शिकलेली माणसे अजूनही मानतात. मसूरच्या स्टेशनावर नऊ वर्षांच्या मुलाला या समजुतीचा फोलपणा कळला होता. प्रतिष्ठा पोशाखातून येत नाही. ती हक्कातून येते, आणि हक्क मिळवावा लागतो.

तिसरे स्थळ मुंबई. डहाणू-तलासरीच्या कुटुंबास हे सर्वांत सोपे. डहाणू रोडहून २०१३ सालापासून थेट चर्चगेटपर्यंत लोकल जाते. एका दिवसात जाऊन येता येते. परळच्या डबक चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राही; वडील पहाटे उठून मुलाला अभ्यासाला बसवीत. पुढे बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मधील ५० व ५१ या खोल्यांत बाबासाहेबांनी संसार व अभ्यास केला. एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्यास मज्जाव झाला म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. आणि चर्नी रोडच्या बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे गुरुजी वाचीत बसत. त्यांची नजर तेथेच बसून वाचणाऱ्या या विद्यार्थ्यावर गेली. १९०७ च्या मॅट्रिकच्या यशानंतर सत्काराची सभा झाली, तीत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास जे घडले, त्याचे एक बीज या भेटीत होते. आपल्या दीक्षेची वाट एका बागेतून आणि एका पुस्तकातून गेलेली आहे, हे नवदीक्षितांनी विसरू नये. चाळींतून मात्र कष्टकऱ्यांचे संसार असतात. दर्शनाच्या नावाखाली कोणाच्याही दारातून डोकावणे हे सभ्यतेस धरून नाही.

चौथे स्थळ बडोदे. आणि येथे आपला तालुका या कथेत येतो. मुंबई-बडोदे लोहमार्ग डहाणू स्टेशनावरून जातो. १९१३ च्या जानेवारीत बाबासाहेब नोकरीसाठी याच मार्गाने बडोद्यास गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली व ते परत निघाले. सुरतेस वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले, गाडी चुकली आणि पोहोचायला एक दिवस उशीर झाला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजीबाबा गेले. त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेस गेले. १९१७ च्या सप्टेंबरात, परदेशात शिकून आलेला विद्वान म्हणून ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची ताकीद देऊन गेला. मित्रांनीही आसरा दिला नाही. मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. त्या रात्रीची गाडी त्यांना घेऊन आपल्या डहाणूवरूनच गेली. आपण रोज ज्या फलाटावर उभे राहतो तोही या इतिहासाचा एक दगड आहे.

त्या बागेतील जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून प्रसिद्ध आहे व २३ सप्टेंबर हा दिवस संकल्प दिन म्हणून पाळला जातो. येथे वकील या नात्याने एक सूक्ष्म गोष्ट सांगतो. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या पानात त्या पाच तासांचे वर्णन आहे. मनाची शून्यता आहे, दुःख आहे, आईवडिलांची आठवण आहे. संकल्पाचे शब्द त्या पानात नाहीत. ते आपल्या समाजाच्या परंपरेने जपले आहेत. परंपरा खोटी असते असे मी म्हणत नाही. त्यांच्या पुढील चाळीस वर्षांच्या आयुष्याने तो संकल्प सिद्धच केला. परंतु लेखी पुरावा कोणता आणि परंपरा कोणती, हा फरक मुलांना कळला पाहिजे. ऐकले म्हणून, पूर्वापार चालत आले म्हणून मानू नये, ही तर तथागतांची शिकवण. जे मूल बडोद्याच्या बागेत हा प्रश्न विचारायला शिकेल, ते उद्या बुवाच्या मठातही विचारील आणि निवडणुकीच्या सभेतही विचारील.

आता या चारही स्थळांची कायद्याशी सांगड घालून पाहा. घटनेचे कलम १५ (२) दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात जातीवरून अडवणूक करण्यास मनाई करते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते व तिचे आचरण हा गुन्हा ठरविते. १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम झाला; १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याचे कलम ४ उघडा. त्यात पाण्याचा नळ आहे: हे सातारा. सार्वजनिक वाहन आहे: हे मसूर. धर्मशाळा, मुसाफिरखाना व कोणत्याही वस्तीत घर घेऊन राहणे आहे: हे बडोदे. कलम ६ सेवा नाकारण्यास शिक्षा सांगते: येथे तो न्हावी आला. हा कायदा एकट्या बाबासाहेबांच्या अनुभवातून निघाला असे मी म्हणत नाही. लक्षावधी माणसांच्या अशाच अनुभवांतून तो निघाला. पण कायद्याची रुक्ष कलमे मुलांना शिकवायची असतील तर या वाटेसारखे दुसरे पाठ्यपुस्तक नाही. कलम ४ हे सातारच्या तोटीजवळ उभे राहून वाचावे. ते जन्मभर विसरणार नाही.

याच अधिनियमाचे कलम १२ पुष्कळांस माहीत नसते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत असे गुन्ह्याचे कृत्य घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्तीलाच मिळते. म्हणून नवदीक्षित कुटुंबाने कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे हातातली ढाल टाकून देणे होय. बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा हक्क जातो ही भीती आजही दाखविली जाते. तीत तथ्य नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचा स्पष्ट समावेश झालेला आहे. अनुसूचित जमातीच्या आदेशात तर धर्माची अटच नाही. तेव्हा आपल्या भागातील वारली किंवा अन्य आदिवासी बांधवाने धम्म स्वीकारला तरी केवळ त्या कारणाने त्याची जमात पुसली जात नाही.

परंतु हक्क असणे वेगळे आणि तो सिद्ध करणे वेगळे. महाराष्ट्रातील २००१ च्या जातप्रमाणपत्र कायद्याप्रमाणे जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे, आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्यापूर्वीची आजोबा-पणजोबांची शाळेतील नोंद, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा हे भक्कम पुरावे ठरतात. सातारच्या रजिस्टरातील १९१४ क्रमांकाची नोंद आपण कौतुकाने पाहतो. आपल्या स्वतःच्या आजोबांची नोंद कोणत्या शाळेच्या कोणत्या पानावर आहे, हे आपण पाहिले आहे काय? सातारहून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात गावच्या शाळेत जा, त्या नोंदीचा उतारा मागा आणि जपून ठेवा. तुमच्या मुलाच्या नावापुढे धर्म, जात व जन्मतारीख काय लिहिली आहे तेही स्वतः वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याने मुलाकडून वाचून घ्यावे.

या प्रवासाला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. चिकूच्या वाडीत किंवा वीटभट्टीवर मजुरी करणाऱ्याने सातारा-बडोदे कोठून करावे? आक्षेप रास्त आहे. सहलीसाठी एक पैसाही कर्ज काढू नये. लग्नाच्या कर्जापायी ज्या भागात माणसे पिढ्यान् पिढ्या गहाण पडली तेथे कर्जाचा हा नवा धर्म नको. रामजीबाबांनी मुलीचे दागिने गहाण ठेवले ते मुलाच्या पुस्तकांसाठी, हे कीरांच्या चरित्रात वाचावे. पैसे कमी असतील तर आधी पुस्तक घ्यावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ते माफक किमतीत मिळते. मग लोकलने चर्नी रोडच्या बागेत एक दिवस जाऊन यावे. एवढ्याने निम्मी यात्रा पुरी होते.

दुसरा आक्षेप असा की, कोवळ्या मुलांना हे दुःख कशाला दाखवायचे? त्यांना अभिमानाच्या गोष्टी सांगाव्यात, अपमानाच्या नकोत. ही माया मी समजू शकतो. परंतु ज्या मुलाला गोणपाट माहीत नाही त्याला बाकाची किंमत कळत नाही. शिवाय अपमान हा सोसणाऱ्याचा दोष नसतो. तो करणाऱ्याचा गुन्हा असतो. ही गोष्ट मुलाला घरात, आईवडिलांच्या तोंडून, शांतपणे कळणे बरे. की उद्या वसतिगृहात किंवा कचेरीत कोणी टोमणा मारील तेव्हा अचानक कळणे बरे? ज्याला आधी कळले आहे तो खचत नाही. तो तारीख, वेळ व साक्षीदार टिपून ठेवतो.

वंदनाविषयीही एक शब्द. या स्थळांवर त्रिशरण-पंचशील घ्यावे, फूल वाहावे, त्यात वावगे काहीच नाही. परंतु मुलगा पास व्हावा म्हणून सातारच्या उंबऱ्याची माती कपाळाला लावू नये, संकल्पभूमीच्या झाडाला दोरा बांधू नये. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते, असा इशारा खुद्द बाबासाहेबांनी दिला होता. त्यांचीच भक्ती करून त्यांचाच इशारा मोडावा, यापरता त्यांचा अधिक्षेप कोणता?

आता शेवटी आपल्या घराकडे येतो. तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील आणि आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिली व तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचा पक्ष वेगळा होता, मार्ग वेगळा होता. परंतु लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी कोण होते, सावकाराच्या वाडीवर काय चाले, हे महाराष्ट्राला कळले ते त्या पानांमुळे. त्या लिहिल्या नसत्या तर झरीचे नाव आज तलासरीबाहेर किती जणांना ठाऊक असते? स्थळे आपण होऊन बोलत नाहीत. कोणी तरी लिहून ठेवावे लागते, तेव्हा ती बोलतात.

आपल्या घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेली एक आजी असेल. कोणत्या विहिरीवर तिला वरून पाणी वाढले जाई, कोणत्या हॉटेलात तिच्या नवऱ्याची कपबशी वेगळी टांगलेली असे, कोणत्या शाळेत तिचा भाऊ दाराबाहेर बसे, हे तिला ठाऊक आहे. ती साक्षीदार आहे. साक्षीदार गेला की पुरावा गेला, हे कोर्टाची पायरी चढलेला कोणीही सांगेल. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी केवळ स्वतःचेच अनुभव दिले नाहीत, काठेवाडातील एका शिक्षकाच्या बाळंत पत्नीला डॉक्टरने कसे वागविले, गुजरातेत एका तरुण कारकुनाचा कसा छळ झाला, या इतरांच्या जबान्याही त्यांनी आपल्या जबानीशेजारी मांडल्या. तुमच्या आजीची जबानी त्याच मालिकेतील आहे. सहलीहून परतलेल्या मुलाला एक वही द्या, आजीसमोर बसवा आणि गाव, वर्ष, ठिकाण, माणसे असे सारे विचारून एक पान लिहायला सांगा. अलंकार नकोत, शिव्या नकोत, घडले तेवढेच.

आणि त्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारा. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली वारली व कातकरी पोरे वर्गातून नाहीशी होतात. त्यांच्या रिकाम्या जागेकडे तुझे लक्ष जाते काय? गोणपाटावर बसविलेल्या एका मुलाची शाळा पाहून आलेल्या मुलाने आपल्या शेजारची रिकामी जागा पाहिली नाही, तर तो सातारला गेला आणि गेला नाही सारखेच. अशा मुलांची नावे गुरुजींना सांगणे, बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याची आठवण शाळेस करून देणे, हे काम दहा वर्षांचे मूलही करू शकते आणि त्याच्या बापाने तर केलेच पाहिजे.

येत्या सुटीत जरूर निघा. पुस्तक पिशवीत घाला, कोरी वही बरोबर घ्या, आणि जमलेच तर मसूरच्या स्टेशनावर उतरून मुलांना पोटभर पाणी पाजा.

जय भीम!